वानरांची पाण्याची पाळी

या, अशा जवळ सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं, सतरंजी मोकळी आहे. आज एक गोष्ट सांगतो, राहीबाईच्या नवसाची. नवस फेडायला निघालेली बाई देवाच्या दारात जाऊन भलतंच करून बसली, आणि तरी देवानं तिला हसतमुखानं घरी धाडलं, अशी ही गोष्ट. ऐकून तुमचाही जीव सुखावेल, हा माझा शब्द.

राहीबाई राहात्याजवळच्या एका मळ्यातली. कॅनॉलचं पाणी, थोडा ऊस, दारात दोन म्हशी, आणि कीर्तनाचं भारी वेड. आसपासच्या कुठल्याही गावात टाळ वाजला की हिचा पाय घरात ठरायचा नाही. कीर्तनात बसायची ती अगदी पुढं. बुवांच्या तोंडून देवाचं नाव निघायच्या आतच हिचा गजर उठायचा, असा खणखणीत की टाळकऱ्यांनीही दचकावं.

"राहीबाई, देवाला ऐकू येतं बरं का," गहिनीनाथबुवा हसून म्हणायचे.

"येतं की. पन त्याच्याकडं गर्दी किती अस्ती, बुवा!"

तिची सून चांगुणा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. राहीबाई गावातल्या मारुतीपुढं पदर पसरून म्हणाली, "देवा, घरात पाळणा हलू दे. तुझ्या सेनेला माझ्या हातानं गूळ-शेंगदाणे जेवू घालीन." वर्षाच्या आत पाळणा हलला. आता नवस फेडायचा, तर राहात्याच्या मळ्यात वानरं आणायची कुठून? बुवा म्हणाले, "करंजीचा घाट ओलांडला की कुंडवाडी म्हणून गाव आहे. डोंगरावर मारुती आहे आणि झाडोऱ्यात वानरं. चैत्रात तिथं सप्ताह असतो, यंदा शेवटची कीर्तनं माझी आहेत, काल्याचंही. चला."

झालं! एकाहत्तर सालच्या चैत्रात चाळीस माणसं निघाली. टाळ, पखवाज, वीणा, भाकरीची गाठोडी, चांगुणाच्या कडेवर सहा महिन्यांचा लेक श्रीमंत, आणि राहीबाईच्या डोक्यावर गूळ-शेंगदाण्याची थैली. नगरला येष्टी बदलली, घाटात दोघीतिघींना गाडी लागली, आणि उन्हं डोक्यावर आली तेव्हा मंडळी कुंडवाडीच्या डोंगराची वाट चढत होती.

वाटेच्या वळणावर एक म्हातारी दगडावर बसली होती. हातात काठी, कपाळावर आडवा हात. ही बायडाबाई. मंडळी दिसताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"गपा. पाळी चाललीया."

राहीबाई बागायतातली. तिला पाळी म्हणजे कॅनॉलची. "कुनाची पाळी, आक्का? हितं पाट कुठं हाय?"

बायडाबाईनं नुसती काठी पुढं केली. राहीबाईनं पाहिलं. खाली दगडी कुंड होतं आणि पलीकडच्या कड्यावरून वानरं उतरत होती. काळ्या तोंडांची, राखाडी अंगाची, लांब शेपट्या कमानीसारख्या उचललेली. पुढं एक दांडगा हुप्या, मागं लेकुरवाळ्या माद्या. साक्षात मारुतीची सेना! इतकी वर्षं जे आख्यान नुसतं कानांनी ऐकलं, ते डोळ्यांपुढं चालत येत होतं. मग अशा वेळी कीर्तनातली बाई काय करणार?

"बोला बजरंगबली की जऽऽय!"

आणि चाळीस गळे मागोमाग. टाळ झणाणले, पखवाजवाल्या पुंजारामनं थाप मारली. कुंडाच्या काठाशी पोचलेला हुप्या उसळला, 'खाक्' असा ओरडला आणि पापणी लवायच्या आत कडा मोकळा झाला. एकाही वानरानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं.

बायडाबाई उठली. "झाली भक्ती?"

टाळकऱ्यांनी टाळ खाली घेतले.

"अगं बया, चैताचं ऊन हे. दिवसातनं एकदा उतरत्यात पान्याला. तेवढा टाइम गावातलं कुत्रंसुद्धा आमी हिकडं फिरकू देत न्हाई. गावाचा सकाळचा पान्याचा वकुत, दुपारचा त्यांचा. आनि तुमी झांजा बडिवल्या!"

राहीबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं घाईघाईनं थैलीची गाठ सोडली. "आक्का, ह्ये हितं काठाला ठिवते. घरचा गूळ हाय. वासानं येतील, खातील, राग जाईल त्यांचा."

"ठिवू नगस."

"अगं, नवस हाय माजा!"

"नवस तुझा हाय, पोट त्यांचं हाय." बायडाबाईचा आवाज जरा उतरला. "घाटात ट्रकवाले फुटाणे फेकायचे. मज्जा वाटायची त्यास्नी. हळूहळू अर्धा कळप डोंगर सोडून सडकंलाच बसाया लागला. एक लेकुरवाळी चाकाखाली गेली. पोरगं तिच्या अंगावर तसंच चिकटून बसल्यालं. तवापासनं ह्या गावात कुनी त्यास्नी दाना घालत न्हाई. पाला हाय, शेंगा हायती, डोंगर भरल्याला हाय. कमी हाय ते पानी."

राहीबाईनं थैली बांधली. "उद्या येतील का गं?"

"भ्याली असली तर न्हाई यायची. वर कपारीला पाझरतंय थेंब थेंब, त्याच्यावर दिस काढत्यात. पाजत्या माद्यांचं हाल हुत्यात."

त्या संध्याकाळी कीर्तन रंगलं, पण राहीबाई मंडपाच्या अगदी कडेला खांबाआड बसली होती. बुवांनी नेहमीच्या जागी देवाचं नाव घेतलं आणि सवयीनं थांबले. गजर उठेना. टाळकरी एकमेकांकडं बघू लागले. बुवांना दोनदा घसा खाकरून पुढं जावं लागलं. कीर्तन संपल्यावर ते तिच्याजवळ आले.

"काय झालं, राहीबाई? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं न्हाई, बुवा. ज्याच्या सेनेला मी तान्हेलं हाकललं, त्याचं नाव कंच्या तोंडानं घेऊ? त्यानं दिल्यालं लेकरू मांडीवर हाय आनि मी त्याच्या लेकरांचं पानी तोडलं." आणि ती रडू लागली.

बुवा भला माणूस. त्यांनी दाखले दिले नाहीत की प्रवचन केलं नाही. म्हणाले, "मला यातलं कळत नाही. ती काठीवाली बाई आहे ना, तिला विचारा."

सकाळी राहीबाई तिला शोधत गेली, तर बायडाबाई डोंगरपायथ्याच्या विहिरीवर घागर भरत होती. चैत्रात कुंडाचा झरा बारीक होतो, मग ही बाई रोज खालून पाणी नेऊन कुंडात ओतायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी देत काही नव्हतं.

राहीबाईनं तिच्या डोक्यावरची घागर काढून आपल्या डोक्यावर घेतली. "मला करू दे."

"गुडघं दुखत्याल."

"दुखू देत."

तिची तिसरी खेप चालली असताना बुवांनी पाहिलं. त्यांनी उपरणं कमरेला गुंडाळलं आणि मंडळींना हाक मारली. विहिरीपासून कुंडापर्यंत राहातेकरांची रांग लागली. घागर या हातातून त्या हातात, भरलेली वर, रिकामी खाली. टवाळकीला तर ऊत आला.

"पुंजाराम, वाजवू नगंस! घागर हाय ती, पखवाज न्हवं!"

"अवो, बोटं ऐकंनात!"

"बुवा, सांडू नगा. कीर्तनात बी तुमी असंच सांडता, निम्मी कथा वाटंलाच!"

"मग तू कर की उद्याचं कीर्तन, मी घागरी वाहतो!"

सगळ्यांत मोठ्यानं हसली बायडाबाई. कुंड भरलं. उन्हं चढली तशी तिनं सगळ्यांना लांब, करंजाच्या झाडांमागं नेऊन बसवलं. "आता तोंडं शिवा. बघायचं, पन बोलवायचं न्हाई. उठायचं न्हाई, बोट करायचं न्हाई."

चाळीस भजनी माणसं गप्प बसवणं म्हणजे काय गंमत आहे, महाराज! पुंजारामनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. बुवांनी तोंडावर उपरणं घेतलं. टाळ सगळे पिशवीत, आणि पिशवीवर एक जाडजूड बाई बसलेली. कड्यावर काही हलेना. सावल्या सरकल्या. राहीबाईचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाशी मुक्यानं बोलत होती. 'ये रे. मी न्हाई वरडनार. तू फकस्त ये.'

आणि कड्याच्या कपारीतून एक काळं तोंड डोकावलं.

हुप्या. त्यानं पाणी पाहिलं, करंजाच्या झाडांकडं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मग उतरला. मागून एक मादी, मग दुसरी, मग सगळा लवाजमा. एकीच्या पोटाला काळपट केसांचं, गुलाबी तोंडाचं पोर बिलगलेलं. ती पाण्याशी वाकली, तोच एका म्हाताऱ्या मादीनं ते पोर अलगद आपल्याकडं ओढून घेतलं आणि छातीशी धरून बसली. आई निवांत पाणी प्यायली. तेवढ्यात तिसरीच कुणी तरी आली आणि तिनं म्हातारीच्या हातातून पोर पळवलं! म्हातारीनं दात विचकले, दोघींची ओढाताण झाली, पोर किंचाळलं. बारशाला श्रीमंतला घेण्यावरून राहीबाईच्या ओट्यावर हुबेहूब हेच झालं होतं! चांगुणानं सासूला कोपरानं ढोसलं. राहीबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. हसू दाबता दाबता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

नेमका त्याच वेळी श्रीमंत हुंकारला. "आंऽऽ..."

चाळीस माणसांचा श्वास अडकला. कुंडावरची सगळी डोकी वर झाली. म्हाताऱ्या मादीनं मान वळवून सरळ चांगुणाच्या मांडीकडं पाहिलं. लेकराचाच आवाज आहे, एवढी तिची खात्री झाली असावी. तिनं मान खाली घातली आणि पाणी पिऊ लागली.

पोटभर पिऊन कळप आला तसा गेला. बायडाबाई म्हणाली, "आता बोला की. गेली ती." तरी टाळांच्या पिशवीवरची बाई काही उठेना.

शेवटी चांगुणाच हळूच म्हणाली, "आत्याबाई, नवसाचं काय?"

राहीबाईनं डोळे पुसले. "म्या जेवू घालीन म्हनले हुते. पन पाव्हना तान्हेला असला तर त्याच्या म्होरं आदी ताट सरकवतेस का तू? आनि खरं म्हंजी पाव्हनी आपुन, पोरी. घर त्यांचं. फिटला बघ नवस. माज्या डोळ्यांदेखत फिटला."

गूळ-शेंगदाणे गावच्या महाप्रसादात गेले. काल्याच्या कीर्तनात राहीबाई पुन्हा पुढं, आणि तिचा गजर असा उठला की बुवांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि सगळा मंडप हसला. पुढं दर चैत्रात राहातेकर कुंडवाडीला जात राहिले. आधी घागरी, मग मौन, मग कीर्तन, हाच त्यांचा शिरस्ता झाला. काही वर्षांनी बायडाबाई देवाघरी गेली. तिचा फोटो नाही, नावाची पाटी नाही. पाळी मात्र चालू आहे.

तेव्हा माझं एवढं मागणं आहे. तुम्ही प्रवासाला जाल, घाटात गाडी थांबेल, झाडावर वानर दिसेल. हातातला खाऊ पिशवीतच राहू द्या, चार पावलं मागं सरा, डोळे भरून बघा, आणि त्या काठीवाल्या बायडाबाईची आठवण काढा.