हातोडा नसलेला न्यायाधीश

साताऱ्याच्या कोर्टातून न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले दीनानाथ जर्मनीत डार्मश्टाटला लेकीकडे सपत्नीक आले होते. नात अन्वी कॉमिक काढत होती. त्यात इमारत पाडली म्हणून उडणाऱ्या नायिकेवर खटला चालला होता. नायिका उडते याला दीनानाथांची हरकत नव्हती. पण न्यायाधीशाला हातोडा आपटताना पाहून त्यांचं डोकं फिरलं.

“हातोडा कशाला? खिळे ठोकायचेत? उभ्या जन्मात मी तो हातात धरला नाही!”

“आल्झो,” अन्वीच्या तोंडून जर्मन निसटलं, “मग शिक्षा दिली हे कळणार कसं, आबा?”

मटार सोलणाऱ्या साधनाआजी म्हणाल्या, “मला कळायचं. त्या दिवशी हे घरी येऊन ताटाला हात लावायचे नाहीत.”

अन्वीने हातोडा खोडला आणि शेवटची चौकट नव्याने काढली. त्यात न्यायाधीश घरी बसला होता आणि समोर दोन भरलेली ताटं तशीच होती.

“दुसरं कुणाचं गं?” दीनानाथांनी विचारलं.

“आजीचं. ती एकटी कशी जेवेल?”

दीनानाथांनी बायकोकडे पाहिलं. त्या मान खाली घालून सोलत राहिल्या. दीनानाथांनी मटारची परात हळूच आपल्याकडे ओढली.