लुखान्योची ताटली

दोष माझ्या बापाचा. आईचं नाव कुणी घेऊ नये, बहिणीचंही नाही, आणि त्या ताटल्या रंगवायच्या दुकानातल्या पोरीचं तर मुळीच नाही. झोलिले, म्हणजे माझा बाप, दक्षिण आफ्रिकेतल्या मदांत्साने गावातल्या एका शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा ओढल्या, आणि उजव्या हाताला अर्धांगाच्या झटक्यानंतर कंप सुटला, डॉक्टर म्हणाले बोटांना काहीतरी काम द्या, तेव्हा त्याने ब्रश धरला.

समुद्राकडच्या गोऱ्यांच्या वस्तीत ते दुकान होतं. कॉफी मागवायची, भाजलेली पण कोरी पांढरी ताटली निवडायची, तिच्यावर हवं ते रंगवायचं आणि ठेवून घरी यायचं. दुकानवाले मग तिला काचेचा लेप देत, त्या लेपाखाली चित्र पार बुडून ताटली पुन्हा कोरी दिसे, आणि भट्टीतून निघाली की सगळं झळझळीत वर येई. वाढदिवसाला आलेली कार्टी आणि सोनेरी केसांच्या म्हाताऱ्या यांच्यामध्ये माझा बाप कोट घालून बसायचा आणि कोंबड्या रंगवायचा. त्याची कोंबडी बटाट्यासारखी दिसायची. मी त्याला गाडीने नेऊन आणायचो, कारण मला दुसरं काही काम नव्हतं.

वकिलीचं शिक्षण मी मध्येच सोडलं होतं. आमच्याकडे बैठकीची भिंत म्हणजे घराची अब्रू. पदवीचा काळा झगा, चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद. बापाचा फोटो, आईचा, थोरल्या बहिणीचा, नोमावेतूचा. तिच्या शेजारी नुसता खिळा, मी विद्यापीठात गेलो त्याच दिवशी बापाने उत्साहाने ठोकलेला. मी परत आल्यावर पाहुणे आधी त्या खिळ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.

"एवढं राहून शिकलास काय?" बाप चारचौघांत विचारायचा. "किटलीत पाणी घालायला? जा, घाल."

एका शनिवारी त्याने कोंबडी सोडून माणूस काढला. टोपी, झगा, डोळ्यांच्या जागी दोन वाटाणे. मागच्या बाजूला थरथरत्या अक्षरात माझं नाव: लुखान्यो.

"ताता, पुरे झालं हे खूळ," मी म्हणालो.

"तुझ्याच्याने झालं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "आता मी करतोय. गप्प बस."

पुढच्या आठवड्यात ताटली घ्यायला गेलो तेव्हा वाटाणे नव्हते. डोळे होते. माझं नाक, माझी हनुवटी, गालावर पडलेला उजेड. असं काढायला कसलेला चित्रकार लागतो, आणि माझ्या बापाला धड कोंबडी येत नव्हती. फक्त सायकलवरून पडून माझी डावी भुवई फाटली आहे, ती तिथे अखंड होती.

"ही आमची नव्हे," मी दुकानातल्या पोरीला म्हणालो.

तिने ताटली उलटी केली. "नाव तर हेच दिलंत. भट्टीत रंग थोडे बदलतात, भूती." आमच्याकडे परक्या पुरुषालाही भूती, म्हणजे भाऊ, म्हणतात.

बापाने ताटली रुमालात गुंडाळली. त्याला काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

ती खिळ्यावर गेली. रविवारी आईने ती खाली काढली. रविवारचं जेवण आमच्याकडे सात रंगांचं असतं. पिवळा भात, बीट, भोपळा, पालक, कोबी, घेवडा आणि कोंबडी. आईने ती ताटली शिगोशीग वाढली, वर दुसरी उपडी घातली आणि कोमट ओव्हनमध्ये सरकवली, कामावरून उशिरा येणाऱ्या माणसासाठी ठेवतात तशी.

"ममा, ही कुणाची?"

"लुखान्योची."

"मी इथे बसलोय."

"मग जेव की," ती म्हणाली. "तुला कोण नको म्हणतंय?"

मला वाटलं टोमणा आहे. आमच्या घरात टोमण्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण सोमवारी ताटली धुऊन भिंतीवर टांगलेली होती आणि ओट्यावर हाडं पडली होती, चघळून, फोडून, पांढरी केलेली. बापाला कवळी आहे. आई मांसाला शिवत नाही. मी हाडं फोडत नाही.

"पहिल्यापासून हाडं फोडायची सवय त्याची," आई कौतुकाने म्हणाली.

मग दोरीवर पांढरे सदरे दिसू लागले, माझ्या मापाचे, माझे नसलेले. मावशीशी फोनवर बोलताना आई सांगायची की पोरगा कोर्टातून फार दमून येतो. बाप मला किटलीवरून बोलेनासा झाला, आणि हे त्याच्या बोलण्यापेक्षा वाईट होतं. एका सकाळी आईने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि अदबीने विचारलं, "साखर किती घ्याल?"

मी प्रिटोरियाला नोमावेतूला फोन लावला. "ही दोघं वेडी झालीत. तू निघून ये."

"कोण बोलतंय?"

"आता तू नको सुरू करूस. लुखान्यो बोलतोय."

ती हसली, पण परक्याशी हसतात तसं. "अहो, लुखान्योशी आत्ताच बोलले मी. खटला जिंकला म्हणाला. जरा ताताला फोन देता का?"

मला फार काही नको होतं. आईने मला अरेतुरे करावं, एवढंच हवं होतं. भर दुपारी मी ताटली भिंतीवरून काढली आणि अंगणातल्या नळाच्या कठड्यावर आपटली.

बाप बाहेर आला. शिवी देईल असं वाटलं. त्या शिवीची मी वाट बघत होतो. तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक तुकडा कोटाच्या ओच्यात वेचू लागला. त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता.

"मामतोलो," त्याने आईला तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारली. "ये. आपला पोरगा गेला."

सुतकाच्या रिवाजाप्रमाणे आईच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं आणि ती जमिनीवरच्या गादीवर जाऊन बसली. अंगणात तंबू लागला, बैल कापला गेला. नोमावेतू डोक्याला काळा रुमाल बांधून आली आणि दारात मला म्हणाली, "जरा सरकता का?" कुणीतरी सांगितलं, भूती, खुर्च्या कमी पडतायत, मी खुर्च्या वाहिल्या. मधेच ओरडलोही, की मी इथे आहे, लुखान्यो मीच आहे. शेजारच्या म्हाताऱ्याने माझं कोपर धरलं आणि हळूच बाजूला नेलं.

"दुःखाच्या घरी असलं बोलू नये, पोरा."

शवपेटीच्या एका कोपऱ्याला माझाही खांदा लागला. ते वजन ताटलीच्या तुकड्यांचं नव्हतं.

दफन करून परतल्यावर फाटकाशी बापाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "लांबून आलात. जेवल्याशिवाय जाऊ नका."

ताटल्या रंगवायच्या छंदापायी माझ्या बापाला मुलगा गमवावा लागला. त्याला एकच होता.