बटनला गवत माहीत नव्हतं

एप्रिलात बर्फ वितळला आणि सगळं गाव हरखलं. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये हिवाळा म्हणजे मुक्काम ठोकून बसलेला जावई. तो निघाला की लोक रस्त्यात उगाचच एकमेकांना हात करतात. वाईट वाटलं ते एकट्या बटनला.

बटन म्हणजे व्हर्ना हॅलिचुकचं कुत्र्याचं पिल्लू. काळं, आखूड पायांचं, अंगापेक्षा आवाज मोठा. नवरा गेल्यापासून व्हर्ना रेडिओशीच काय ते बोलायची. ऐन जानेवारीत तिने हे पिल्लू आणलं आणि घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. बोलणारी ती एकटीच होती, पण आता ऐकणारं कोणीतरी होतं.

पापण्या चिकटतील अशी थंडी. तरी व्हर्नाने मागच्या अंगणात फावड्याने वाट काढली आणि पठ्ठ्या बघता बघता शिकला. दारापाशी भुंकायचं, की दार उघडतं. बर्फात उरकून आलं, की कुबासाचा, म्हणजे लसूण घातलेल्या सॉसेजचा, तुकडा मिळतो. चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वळताना ती फुशारकी मारायची, "माझ्या लेकाला, मायकललासुद्धा, इतक्या लवकर वळण लागलं नव्हतं!"

मग बर्फ गेला. बटन सवयीने बाहेर धावला आणि ओल्या गवतावर पाय पडताच थबकला. गवत हुंगलं, व्हर्नाकडे रागाने पाहिलं, आत आला आणि न्हाणीघरातल्या पांढऱ्याशुभ्र पायपुसण्यावर निवांत बसला.

मग रोज तेच. भुंकून दार उघडायला लावायचं, बाहेर नुसतं उभं राहायचं, परत यायचं आणि पांढरं काही दिसेल तिथे उरकायचं. एकदा तर ईस्टरच्या टोपलीवर घालायचं भरतकामाचं कापडच त्याने गाठलं. त्या दिवशी व्हर्ना इतकी ओरडली, की तो सोफ्याखाली जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

जोडघराच्या पलीकडच्या भागात ऑरेस्ट राहायचा. घरमालकही तोच. गावातल्या आइस हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा, त्यामुळे रात्री उशिरा यायचा आणि सकाळी झोपायचा. हिवाळ्यात दुहेरी खिडक्या बंद होत्या तोवर सगळं ठीक होतं. आता त्या उघडल्या होत्या.

"व्हर्नाबाई," एका सकाळी तो बनियनवरच मागच्या पायरीशी आला, "हे कुत्रं आहे की आगीचा बंब?"

"बाहेर जायचं म्हणतोय तो."

"मग जाऊ दे ना! बाहेर जातो, पुतळ्यासारखा उभा राहतो, आत येतो, की परत बोंब! माझी लाकडी जमीन सडतेय ती वेगळीच. ईस्टरपर्यंत बघतो. सुधारला तर ठीक, नाहीतर त्याच्यासाठी दुसरं घर शोध."

शाळेपासून व्हर्ना ऑरेस्टला ओळखत होती. तो बोलला की करायचा.

दुसऱ्या दिवशी बटनने तिला ओढत गॅरेजच्या मागे नेलं. तिथे सावलीत मळकट बर्फाचा एक पट्टा उरला होता. पठ्ठ्या त्यावर चढला आणि मोकळा झाला, शेपूट हलवत.

"अगं बाई!" व्हर्नाने कपाळावर हात मारला. जन्मापासून त्या जिवाने बर्फच पाहिला होता. पांढऱ्यावर बसायचं, एवढंच तिने त्याला शिकवलं होतं आणि तो तेच इमानाने करत होता.

ती केरभरणी घेऊन आली आणि तो बर्फ गवतावर नेऊन टाकू लागली.

"आता बर्फाचाही केर काढायला लागलीस?" कुंपणापाशी ऑरेस्ट.

तिने सगळं सांगितलं. ऑरेस्ट कुंपणाला धरून खोकला येईपर्यंत हसला. "म्हणजे बिचाऱ्याचा संडासच वितळला म्हण की!"

"हस तू, हस! हा बर्फ उद्या संपेल. मग काय करू?" तिने केरभरणी खाली टाकली. "ऑरेस्ट, तो गेला तर त्या घरात मला नाही रे राहवणार."

ऑरेस्ट हसायचा थांबला आणि आत गेला.

सकाळी पायरीवर दोन बादल्या होत्या. यंत्र बर्फ खरवडतं तो चुरा मैदानामागे ओततात, तिथला भरून आणलेला. सोबत एक घंटा, गोल झाला की प्रेक्षक वाजवतात तसली.

"ही दाराच्या मुठीला बांध," ऑरेस्ट म्हणाला. "चीज लाव तिला. चाटताना वाजली, की दार उघडायचं. भुंकला, की पाठ फिरवायची."

"रडेल रे तो."

"रडू दे. कुबासा चारून चारून तूच त्याला गवई केलायस."

गवतावर चुरा पसरायचा, रोज थोडा कमी, असं सुरू झालं. ते सोपं होतं. पाठ फिरवणं अवघड. बटन भुंकायचा आणि व्हर्ना ओठ चावत नळाकडे तोंड करून उभी राहायची. मध्ये एक टॉवेल गेला, एक उशी गेली. पण घंटा वाजू लागली. चुरा अंड्यावर मीठ भुरभुरावं इतकाच उरला, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी तोही संपला.

ईस्टरच्या सकाळी व्हर्ना चर्चला न्यायची टोपली भरत होती. गोड पाव, रंगवलेली अंडी, कुबासा. धर्मगुरूंचा आशीर्वाद मिळेपर्यंत यातलं काही तोंडात घालायचं नसतं. तेवढ्यात घंटा वाजली.

तिने श्वास रोखून दार उघडलं. बटन अंगणात गेला. हुंगलं, गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि हिरव्यागार गवतावर बसला.

"शहाणा गं बाई माझा!" व्हर्नाच्या डोळ्यांना धार लागली. तिने टोपलीतला कुबासा तोडला आणि मोठा तुकडा त्याला भरवला.

ऑरेस्ट घाईघाईने बाहेर आला, एकाच पायात बूट. "आज भुंकला कसा नाही? बरा आहे ना?"

"ठणठणीत आहे. तू एवढ्या लवकर कसा जागा?"

"झोपच लागेना या शांततेत."

व्हर्नाने बटनला उचलून छातीशी धरलं. "ईस्टर आला, ऑरेस्ट. काय ते सांगून टाक."

ऑरेस्टने डोकं खाजवलं. "कुठल्या वर्षीचा ईस्टर, ते मी कुठे म्हणालो होतो?" मग टोपलीत डोकावून म्हणाला, "आणि हा कुबासा कोणी खाल्ला गं?"