मेजरांच्या सोप्यातला कर्णा

मी एक लाकडी कर्णा आहे. माझा जन्म कुठल्या कंपनीत झाला नाही, तर रहिमतपुरातल्या एका घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत झाला. खांबाला बांधलेला पत्र्याचा भोंगा तुम्ही पाहिला असेल. तो साऱ्या गावाला ऐकवतो. माझं काम तेवढं मोठं नाही. मी एका खोलीतल्या माणसांना गाणं ऐकवतो.

मित्रांनो, या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना तुम्ही तोंडाभोवती दोन्ही तळहात धरता. आवाज तोच असतो, पण लांब जातो. मी म्हणजे तसेच धरलेले तळहात. माझ्या अरुंद गळ्याला मागून एक छोटा स्पीकर जोडलेला आहे. त्याचा आवाज माझ्या पोटातून सरकत, रुंद होत तोंडातून बाहेर पडतो. माझ्याखाली एक पेटी आहे, ती ढोलकीची थाप सांभाळते आणि मी गाणाऱ्याचा गळा सांभाळतो. अगदी माझ्यासारखाच दुसरा कर्णा खोलीच्या उजव्या कोपऱ्यात असतो. तो माझा जोडीदार.

आम्हाला बनवणाऱ्यांचं नाव हंबीरराव. ते तोफखान्यात हवालदार होते आणि निवृत्तीनंतर कुपवाडच्या एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला होते. गावातले सगळे त्यांना मेजर म्हणतात. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. ती नोकरीही सुटल्यावर ते घरी आले, ऊस आणि आल्याची शेती बघू लागले आणि संध्याकाळी गाणी लावून बसू लागले. भजन आणि लावणी, दोन्हींची त्यांना सारखीच गोडी. पण हळूहळू त्यांची एक तक्रार सुरू झाली. टीव्हीवरचं बोलणं गढूळ येतं, मोबाइलवरचं गाणं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. लेकानं पुण्याहून महागाचा स्पीकर पाठवला, तर तोही त्यांना गढूळच वाटला. हल्लीच्या वस्तूंमध्ये दम उरला नाही, असं त्यांचं पक्कं मत झालं.

कुपवाडच्या त्याच कारखान्यात नईमभाई लाकडी साचे करायचे. यंत्राचा भाग ओतायच्या आधी तो लाकडात घडवावा लागतो, ते काम त्यांचं. मेजरांची तक्रार त्यांनी फोनवर ऐकली. लोक घरच्या घरी कर्णे बनवून गाणी ऐकतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं आणि आपणही एकदा करून बघावं असं त्यांच्या मनात फार दिवस होतं. मग सुट्टीच्या दिवशी ते सांगलीहून रेल्वेनं येऊ लागले. सोप्यात प्लायवूडचा भुसा पडू लागला.

माझं बालपण असं गेलं. पातळ प्लायवूडच्या पाकळ्या कापल्या, ओल्या केल्या, दोरीनं आवळून वाकवल्या आणि वाळल्यावर डिंकानं एकमेकींना चिकटवल्या. भेगांमध्ये डिंकात कालवलेला भुसा भरला. माझा गळा सागवानाचा. तो नईमभाईंनी लेथ यंत्रावर फिरवून, कातून आणला होता. आतून मला इतकं घासलं, की बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. हंबीररावांच्या पत्नी शालूबाई चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "एवढी माया उसावर केली असती तर साखर कारखान्यानं हार घातला असता." पण पॉलिशचा शेवटचा हात त्यांनीच मागून घेतला.

पहिलं गाणं वाजलं तेव्हा तिघंही पुढं सरकून बसले. गाणारी बाई जणू समोरच्या पाटावर येऊन बसली होती. मेजरांनी मांडीवर ताल धरला. शेजारपाजारचे लोक येऊन बसू लागले आणि आमचं कौतुक करू लागले. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

मग एका दुपारी भजन चालू असताना नईमभाई म्हणाले, टाळ बघा कसा लख्ख वाजतोय, अगदी हातात धरल्यासारखा. मेजरांनी मान डोलावली. पण मी समोरच होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं. ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

त्यानंतर माझ्यावर उपचार सुरू झाले. टाळ नीट वाजत नाही, म्हणून त्यांनी माझा गळा आतून पुन्हा घासला. स्पीकर बदलला. माझ्या डोक्यावर ट्वीटर, म्हणजे टाळासारखे बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर बसवला आणि त्याचं बटण रोज थोडं थोडं वर नेलं. मित्रांनो, मला जे दिलं जातं तेच मी पुढे पोचवतो. माझ्या तोंडून आता सुया बाहेर पडत होत्या. शेजारी येईनासे झाले. शालूबाई स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊ लागल्या. एकदा त्यांच्या कानात कापसाचे बोळे मला दिसले. तरी मेजरांनी विचारलं, की त्या म्हणायच्या, छान वाजतंय.

नईमभाई पुन्हा आले ते बऱ्याच दिवसांनी. गाणं सुरू झालं आणि त्यांनी चटकन हात पुढे करून आवाज कमी केला.

"मेजर, कर्ण्यात दोष न्हाई," ते हळूच म्हणाले. "आता याला हात लावू नका."

"म्हंजे दोष माझ्या कानात हाय व्हय?"

नईमभाई बटणाशी चाळा करत राहिले. उत्तर टाळलेलं मेजरांना फार लागलं. जेवायलाही न थांबता नईमभाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेले आणि दोघांमधले फोन बंद पडले. मेजरांनी माझ्यातला स्पीकर काढून घेतला आणि मला गोठ्याशेजारच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांवर ठेवून दिलं. जोडीदार सोप्यातच राहिला, तोंड भिंतीकडे करून.

त्या खोलीत माझ्यावर धूळ बसली. तोंडाच्या कडेला उंदरानं कुरतडलं. ओल लागून एका पाकळीचा डिंक सुटला. सर्वांत वाईट म्हणजे मला वाटू लागलं, की दोष खरंच माझ्यातच असेल. मग उन्हाळ्याच्या तोंडाला खिडकीच्या गजांतून एक चिमणी आत आली. तिनं मला चारी बाजूंनी पाहिलं आणि माझ्या पोटात गवताच्या काड्या आणून टाकायला सुरुवात केली. पुढं तिथं पिल्लं निघाली. मी पुन्हा वाजू लागलो, स्पीकरशिवाय.

एके सकाळी मेजर करवत घेऊन आले. कर्ण्याचा गळाच चुकलाय, तो कापून नवा बसवायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी मला उचलून अंगणात आणलं, बाजेवर आडवं केलं आणि करवत माझ्या गळ्यावर टेकवली. माझ्या पोटात पिल्लं जिवाच्या आकांतानं ओरडत होती. अंगण त्या आवाजानं भरलं होतं. मेजर शांतपणे करवतीची जागा नीट करत होते.

शालूबाई परसातून धावत आल्या आणि त्यांनी करवतीचं पातंच धरलं.

"आवं, थांबा. आत पिल्ली हायत. किती वरडायला लागल्यात."

"कुठं?" मेजर म्हणाले.

त्यांनी वाकून माझ्या तोंडात पाहिलं. आत लालभडक चोची उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. त्यांनी मला उचलून कानाशी धरलं. मग दुसऱ्या कानाशी धरलं. त्यांनी मला हळूच खाली ठेवलं आणि बाजेवर बसले.

"मला यातलं काय बी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले.

शालूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. नंतर मला जसंच्या तसं खिडकीशी नेऊन ठेवलं आणि पिल्लं उडून जाईपर्यंत कुणी हात लावला नाही.

त्या अवधीत दोघं साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. परत आल्यावर शालूबाईंनी फोनवर लेकाला सांगितलं ते मी ऐकलं. तोफांच्या आवाजानं कानातली बारीक आवाज ओळखणारी शक्ती गेली होती, आणि ती इतकी सावकाश गेली, की त्यांना स्वतःलाच कळलं नाही. जाडा आवाज पोचत होता, म्हणून ऐकू येतं असं वाटायचं. टाळ, पैंजण, चिमण्या आणि बोलण्यातले कितीतरी शब्द मात्र केव्हाच निसटून गेले होते.

नईमभाईंना फोन मेजरांनीच केला. काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "कर्ण्याची एक पाकळी सुटलीय. तुमच्याबिगर बसायची न्हाई." नईमभाई पुढच्याच रविवारी आले. दोघांनी मिळून मला झाडलं, पुसलं, पाकळी चिकटवली. कुरतडलेली कड भरून काढली.

मेजरांच्या दोन्ही कानांत आता ऐकू येण्याची छोटी यंत्रं होती. स्पीकर परत जोडून मला माझ्या जागी बसवलं, ट्वीटरचं बटण होतं तिथंच ठेवलं आणि गाणं लावलं. पहिल्याच ओळीला मेजरांनी दोन्ही हात कानांवर नेले. गाणं बंद झालं. ते शालूबाईंकडे वळले.

"एवढं टोचत हुतं तुला?"

"व्हय."

"मग कवा बोलली न्हाईस."

"तुमी लय हौसेनं केलेलं," शालूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "कसं बोलायचं?"

मेजर उठले आणि आपल्या खुर्चीवर, अगदी आम्हा दोघांच्या मधोमध, त्यांनी शालूबाईंना बसवलं. नईमभाई बटणापाशी उभे राहिले. त्या सांगत गेल्या, हे कमी करा, अजून थोडं, आता बाईचा आवाज बरोबर आला, आता बाजाची पेटी ऐकू येते. मेजर दारात उभे राहून ऐकत होते. दुपार कलली तेव्हा शालूबाई म्हणाल्या, आता कुणी काही हलवू नका.

आता लोक मेजरांकडे कर्णा करून मागायला येतात. ते आणि नईमभाई मिळून करूनही देतात. पण त्यांची एक अट असते. पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी समोर बसायचं आणि जे ऐकू येतं ते खरं सांगायचं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची धूळ झाडत जा, त्यांना ओलीत टाकू नका, एवढं मी सांगणारच. पण तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर त्यांना हसू नका. कानात बोळे घालून सोसतही बसू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांना काय ऐकू येत नाही ते विचारा. मी कितीही मोठं तोंड उघडलं, तरी ते विचारणं मला जमत नाही.