हसणारा डबा

डब्यावरचा तांबडा दिवा विझला तरी डबा बराच वेळ कोमटच होता, आणि रविराज त्यावर तळहात ठेवून बसला होता — ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. खताच्या दुकानाच्या माडीवर त्याने एका चॅनेलला एक असे डबे ओळीने मांडले होते आणि तिथून केबल सणसर गावभर गेली होती. सिनेमाच्या डब्याला गावात मान, क्रिकेटच्या डब्याला दसऱ्याला हार... आणि हा अमेरिकेचा. यात रोज संध्याकाळी काही गोरी माणसं सोफ्यावर बसून बोलत, आणि प्रत्येक वाक्यानंतर न दिसणारी शेकडो माणसं हसत. ती कोण, कुठं बसून हसतात, त्यांना घरी कामं नसतात का... वाक्य रविराजला कळायचं नाही. पण ती हसली की तोही हसायचा, जरासा मागून, पंगतीत उशिरा बसलेल्या पाहुण्यासारखा.

केबलच्या धंद्यात पैसे घातलेले टोमॅटोवाले आबासाहेब सकाळीच जिना चढून आले होते. गोऱ्यांचं चॅनेल काढ, त्या डब्यात दुसरा सिनेमा घाल, म्हणाले. नवा डबा ते घेणार नव्हते. रविराज म्हणाला, आबा, बघणारं माणूस हाय.

"नाव सांग."

...नाव कुठून सांगणार? मागं केव्हातरी तो खिडकीशी उभा असताना ती न दिसणारी माणसं हसली, आणि नेमकी त्याच क्षणी कालव्याकडच्या अंधारातून एक बाई हसली होती. एकदाच. तेवढ्यावर त्याने तिला चष्मा दिला, बारामतीच्या कॉलेजात घातलं, विनोद आधी कळूनही आपण हसेपर्यंत थांबणारी केली. मध्यंतरी तर मनातल्या मनात तिच्याशी भांडण होऊन अबोलाही झाला होता. तसं गावात त्याच्याशी सगळेच बोलत — चित्र हलतंय, आवाज खरखरतोय, एवढंच.

"आज बंद ठिव," आबा म्हणाले. "दिवेलागणीपत्तोर एक जरी माणूस इचारत आलं, तर ऱ्हाऊ दे."

दिवसभर माणसं आली. सोपानचं म्हणणं होतं की आपला बॅट्समन बाद झाला, केबल तपास. झुंबरच्या टीव्हीत मुंगळा शिरला होता आणि तो बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकावरून हलत नव्हता. अमेरिकेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तरी जिन्यात पाऊल वाजलं की रविराज केस सारखे करी.

दिवे लागता लागता बांगड्या वाजल्या आणि साखरबाई वर आली. मेंढरं विकल्यापासून ती कालव्याकडेला एकटीच राहायची. पोरगा बिरदेव बारामतीला कंपनीत, टीव्ही त्यानंच आणून ठेवलेला.

"माणसं कुठं गेली रं?" ती धापा टाकत म्हणाली.

"कंची माणसं, आज्जी?"

"हसत्यात ती."

रविराजचा हात केसांवरून खाली आला. चष्मा, कॉलेज, सगळं वरच्या पायरीवर उभं राहून दम खात होतं.

तुमी बघताय व्हय ते, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, मी कशाला बघतीय. त्या बायांचे कपडे तिला बघवत नव्हते, म्हणून तिनं टीव्हीचं तोंड भिंतीकडं केलं होतं. भाकरी थापताना मागून नुसतं हसणं यायचं.

"मेंढरं होती तवा रातभर खुडबुड असायची," ती म्हणाली. "चित्र नको मला. हसणं तेवढं सोड."

त्यानं डबा चालू केला आणि केबल बघायच्या निमित्तानं तिच्याबरोबर घरी गेला. चुलीपुढं ती बसली, दारात तो बसला. भिंत हसली. साखरबाईही हसली — अगदी वेळेवर, त्याच्यापेक्षा कितीतरी वेळेवर.

"काय म्हनाला रं?" तिनं विचारलं. इंग्रजी रविराजला येतं, असा तिचा समज होता.

"म्हणतोय... पाव्हणा आलाय, अन् जायाचं नाव घेत न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे की," म्हणत तिनं आणखी एका भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

नाव आता त्याच्याजवळ होतं. आबांना सांगितलं की डबा वाचणार. पण, बघती काय ती, असं आबा विचारणार. मग बघायला येणार. भिंतीकडं तोंड केलेल्या टीव्हीची गोष्ट पारावर जाणार आणि सणसर हसणार, आणि सणसरच्या हसण्याला बटण नव्हतं. नाही सांगितलं, तर उद्यापासून ही भिंत मुकी... त्याला काहीच ठरवता येईना. भिंतीला पुन्हा हसू फुटलं. सवयीनं त्याचा जबडा तयार झाला, पण तो हसला नाही. आणि आजवर लक्षात न आलेली एक गोष्ट त्याला ऐकू आली — ती शेकडो माणसं हसून झाली की क्षणभर गप्प होतात, बाहेर कुणी आहे का याचा कानोसा घेतल्यासारखी...