दुसरा बाक

सोळाशे चौसष्ट सालची गोष्ट. त्या वर्षी समुद्र ओलांडून वसवलेल्या आमच्या हॅडनफोर्डात नवं प्रार्थनाघर उभं राहिलं. जुन्याच्या छपरातून चिमण्या आत यायच्या आणि ऐन उपदेशात आम्हा पोरांना हसू फुटायचं. नवं मात्र पक्क्या ओकाच्या लाकडाचं, खिडक्यांना काचा असलेलं. सगळं गाव त्यासाठी खपलं होतं. आणि बांधून झाल्यावर तेच गाव एकमेकांशी धड बोलेना. कुणी कुठे बसायचं, एवढ्यावरून!

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. वय, जमीन आणि मान बघून पंच प्रत्येकाची जागा ठरवतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. गावच्या शिपायांचे कॅप्टन, त्यांच्या कॅप्टनीणबाई अशी मोठी माणसं पुढे, मोलमजुरीवाली मागे दाराशी. ठरलेली जागा सोडली तर दंड.

एनॉक थरलो पिंपं बनवायचा. त्या साली त्यानं ओढ्यावरची गिरणी घेतली आणि लगेच त्याला पंचांत घेतलं. जागा ठरल्या त्या संध्याकाळी तो दारातूनच ओरडला, "मेहिटेबल, दुसरा बाक! ऐकलंस का? दुसरा!"

मेहिटेबलच्या हातातला घेवड्याचा डाव तसाच राहिला. "अहो, काय सांगता! कॅप्टनीणबाईंच्या मागे?"

"त्यांच्या टोपीची नाडी हाताला लागेल, इतकी जवळ."

चुलीपाशी एनॉकचा म्हातारा बाप जेरेड पाय शेकत बसला होता. तो म्हणाला, "जुन्या प्रार्थनाघरात तिथे टॅमसिन पाइक बसायची ना?"

"बसायची. नवरा होता तोवर. आता शेतही गेलं. तिला शेवटच्या बाकावर जागा दिलीय."

"अरे, तिला ऐकू येत नाही. जवळ बसून, उपदेशकांच्या ओठांकडे बघून कसंबसं समजतं तिला. दाराशी बसवलीस तर काय कळणार?"

"मामंजी, बहिरीला पुढचा बाक काय नि मागचा काय!" मेहिटेबल हसत म्हणाली.

"सूनबाई, तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ तिनं कापली. तुझं पहिलं रडणं ऐकलंय तिनं. तेव्हा कान चांगले होते तिचे."

मेहिटेबलनं मान खाली घालून घेवडा ढवळला. पण रविवारी नवी टोपी घालून ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसलीच. टॅमसिन गुमान दाराशी गेली. थंडी सुरू झाली. प्रार्थनाघरात शेगडी नसायची, आणि दार उघडलं की बर्फाचा वारा पहिला तिच्या अंगावर यायचा. तरी ती दर रविवारी यायची. काही ऐकू येत नसलं, तरी सगळे उठले की उठायची आणि बसले की बसायची. एकुलता एक मुलगा एझ्रा मासेमारीच्या जहाजावर गेला होता. तो सुखरूप यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

एका शनिवारी, सूर्य मावळता मावळता, एका नावाड्यानं उपदेशकांच्या घरी बातमी आणली. सूर्य मावळला की आमचा प्रभुवार सुरू. मग कुणी कुणाच्या घरी जात नाही. उपदेशकांना वाटलं, नावाडी वाटेत टॅमसिनला सांगून गेला असेल. नावाड्याला वाटलं, हे काम उपदेशकांचं.

सकाळी उपदेशक उभे राहिले. गावातलं सुखदुःख तिथूनच सांगायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं उभं राहायचं, ही आपली रीत.

"एझ्रा पाइक ज्या जहाजावर होता ते खडकावर फुटलं. कुणी वाचलं नाही. त्याच्या आईसाठी आपण प्रार्थना करू."

सगळी डोकी मागे वळली. शाल हनुवटीपर्यंत ओढून टॅमसिन बसली होती. सारं गाव आपल्याकडे बघतंय, हे तिला दिसलं. पोराचं जहाज लागलं वाटतं किनाऱ्याला! देवाचे आभार मानताहेत! म्हातारी लगबगीनं उठली, सगळ्यांना मान लववली आणि हसली.

अरे देवा, ते हसू!

उपदेशकांनी नजर पुस्तकात खुपसली. डुलक्या काढणाऱ्यांना ढोसणारा काठीवालाही नुसता उभा. पंच बसून, कॅप्टन बसून, आम्ही सगळे आपापल्या मानाच्या जागी बसून!

मेहिटेबल उठली.

"खाली बस!" कॅप्टनीणबाई पुटपुटल्या. "जागा सोडतेस?"

ती मधल्या वाटेनं चालत थेट दारापर्यंत गेली. टॅमसिनचे दोन्ही हात धरले. हळू बोलून चालणार नव्हतं. भर शांततेत, मोठ्यानं, सगळ्यांदेखत तिला सांगावं लागलं, "मावशी, एझ्रा गेला!"

"आला ना?" टॅमसिननं विचारलं.

"बुडाला, मावशी! जहाज बुडालं!"

मग मेहिटेबलनं तिला जवळ घेतलं, आपल्या खांद्यावरचा जाड झगा तिच्याभोवती गुंडाळला आणि उपदेश संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहिली.

सोमवारी पंच थरलोंच्या घरी जमले. कॅप्टन म्हणाले, "दुःखाची गोष्ट आहे, मान्य. पण आज थरलोबाई उठल्या, उद्या कुणीही उठेल. दंड झालाच पाहिजे."

"भरते मी," मेहिटेबल म्हणाली. "पण त्या बाकावर आता बसणार नाही."

जेरेड काठी टेकत उभा राहिला. "कॅप्टन, आपण एकाच जहाजातून आलो. वादळात तळाशी एकमेकांच्या ओकाऱ्यांत लोळत होतो, तेव्हा दुसरा बाक कुठला होता हो? तिकडे मायदेशी सरदारांना पुढे गाद्या आणि आपल्याला खांबामागची जागा, म्हणून चिडून निघालो ना आपण? एवढा समुद्र ओलांडला आणि झाडं तोडून पुन्हा तेच बाक केले! देवाच्या घरात जागा द्यायची तर गरज बघून द्या. ज्याला ऐकू येत नाही तो पुढे. ज्याला थंडी बाधते तो दारापासून लांब. धडधाकट माणसानं बसावं की वाऱ्यात!"

"बाबा, पुरे," एनॉक उठून उभा राहिला. "तुम्ही मला सांगितलं होतं. ती बहिरी आहे हे मला माहीत होतं, तरी मी तिला मागे पाठवलं! बायकोच्या टोपीसाठी!"

 कॅप्टन जागांची यादी पुढे ओढत इतकंच म्हणाले, "पुढच्या रविवारी म्हातारी माणसं पुढे बसू देत. बघू कसं जमतं."

मेहिटेबल हा निरोप सांगायला टॅमसिनकडे गेली, तेव्हा टॅमसिन म्हणाली, "आता मला काय ऐकायचं राहिलंय गं?" मग शाल सावरत, "येईन. पण तू शेजारी बस. उपदेशकांनी मिशा वाढवल्यात, ओठ दिसत नाहीत मेले."

बंधुभगिनींनो, मान देणं वाईट नाही. पण कुणाची गरज डावलून दिलेला मान म्हणजे हिसकावलेली जागा. आपण बसलोय तिथून कुणाला उठवलं होतं, हे प्रत्येकानं एकदा स्वतःला विचारावं.

जेरेड पुढच्याच वसंतात गेला. एनॉक पंच राहिला आणि दर नव्या वाटणीच्या वेळी आधी बहिऱ्या-आंधळ्यांची चौकशी करत राहिला. कॅप्टनीणबाईंना पुढे स्वतःलाच कमी ऐकू येऊ लागलं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. टॅमसिन बरीच वर्षं जगली. दर रविवारी मेहिटेबल तिच्या तळहातावर बोट ठेवून उपदेशातला एकेक मुद्दा खुणेनं सांगायची आणि घरी जाताना उरलेलं ओरडून. शेवटच्या दुखण्यात टॅमसिनला मेहिटेबलनंच आपल्या घरी नेलं. मेहिटेबल आता थकली आहे, पण कुणी सरकून जागा करून दिली तर आधी मागे वळून बघते, आणखी कुणी उभं तर नाही ना.