आधी कॉलर

लंडनच्या एका नाटकात बाईने रंगमंचावर इस्त्री केली आणि टीकाकारांनी ते नाटक डोक्यावर घेतलं. झालं! वर्षभरात देशातल्या प्रत्येक चिडक्या तरुणाने इस्त्रीचं नाटक लिहिलं. ब्रॅडफर्डच्या सिरिल ऑकेनडेननेही लिहिलं. चिडायला त्याला तसं कारण नव्हतं. आई जेवण आयतं देत होती, शर्टांना कडक इस्त्री करून देत होती. पण हौसेला मोल नसतं.

पहिले दोन प्रयोग थंड गेले. थिएटरचे मॅनेजर हॅटर्स्ली यांनी त्याला स्पष्टच सांगितलं, की आज बुधवारी दुपारच्या खेळाला लोक पेटले नाहीत तर उद्यापासून जुनं खुनाचं नाटक लागेल.

दुपारच्या खेळाला सगळ्या बायका, मांडीवर चहाचे ट्रे घेऊन बसलेल्या. तिसऱ्या रांगेत आई आणि शेजारच्या मिसेस क्लेग. सिरिल मागे भिंतीला टेकून नखं खात होता.

नायिका मॉरीन शर्ट इस्त्री करू लागली. तिने पाठीपासून सुरुवात केली. नायकाने मुठी आवळल्या. "या देशात कुणालाच कशाचं काही वाटत नाही! एक तरी माणूस उठून बोलेल का?"

"अगं पोरी, आधी कॉलर घे," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

आवाज आईचा, हे सिरिलला लगेच कळलं. भिंत दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"काहीतरीच काय, एडिथबाई," मिसेस क्लेग म्हणाल्या. "आधी बाह्या."

"तरीच तुमच्या मिस्टरांची कॉलर तशी दिसते."

चहाचा ट्रे खणखणत खाली गेला. बाल्कनी बाह्यांच्या बाजूने उठली, खालच्या रांगा कॉलरच्या. नायकाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तर त्याला गप बसायला सांगण्यात आलं. मॉरीन बिचारी कधी कॉलर, कधी बाही करत राहिली, आणि पडदा पडला तरी भांडण थांबलं नाही.

हॅटर्स्लींचे डोळे भरून आले होते. आणखी दोन आठवडे खेळ लावतो म्हणाले, फक्त आई रोज हवी.

"तुझं नाटक बिघडवलं का रे मी?" आईने बाहेर आल्यावर विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा सिरिलला चिडायला खरंखुरं कारण मिळालं होतं. पण तिचा चेहरा पाहून ते त्याच्या हातून निसटलं.

"नाही गं आई. उद्या येशील ना?"

"येईन की. पण त्या मुलाचं ओरडणं तेवढं कमी कर, राजा. इस्त्रीवरचं लक्ष उडतं."